खिडकीतून दिसलेला मुलूख

"तुमच्याकडे तसं बघायला काहीच नाही ना?"

पुण्यात शिकत असताना माझ्या रूममेटने मला हे विचारलं होतं. तो घरच्यांबरोबर गाडीने शिर्डीला जाऊन आला होता. मे महिना होता. सुप्यापासून नगरपर्यंत तो जागा होता आणि खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला दिसले उघडे डोंगर, वाळलेलं गवत, रस्त्याकडेचे ढाबे आणि पाण्याचे टँकर. मी पारनेरचा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने सहज विचारलं.

मला राग आला. मी लगेच यादी वाचायला लागलो. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगी आहेत, पाण्याने दगडगोटे फिरवून फिरवून काळ्या खडकात कोरलेली. टाकळी ढोकेश्वरला लेणी आहेत. सेनापती बापट आमच्या गावात जन्मले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, पण हे गाडीतून दिसत नाही ना."

त्यानंतर बराच काळ मी त्याला 'खिडकीतून जग बघणारा' याच खात्यात टाकून दिलं होतं. गेल्या वर्षी मी स्वतः दोन दिवस एका खिडकीला चिकटून बसलो, तेव्हा हे प्रकरण पुन्हा उघडावं लागलं.

*

पारनेर गावाला रेल्वे नाही. रेल्वे पकडायची तर चाळीसेक किलोमीटरवर नगरला जायचं. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. त्यामुळे वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत माझा रेल्वेचा सगळ्यात लांबचा प्रवास होता पुणे ते मुंबई. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सचं काम करतो. रोज पारनेरहून मोटरसायकलने जातो आणि संध्याकाळी परत येतो. माझं जग तेवढ्या रस्त्याचं.

एका मित्राला कोलकात्यात नोकरी लागली. त्याच्याकडे जायचं म्हणून नोव्हेंबरात मी आझाद हिंद एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट काढलं. ही गाडी पुण्याहून निघते, दौंडवरून नगरला येते, मग मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर करत हावड्याला जाते. दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पासपोर्ट लागत नव्हता, पण माझ्यासाठी तो परदेशच होता. 'देश' या शब्दाचा आमच्याकडचा जुना अर्थ घाटावरचा मुलूख असा आहे. कोकणातली माणसं आम्हाला देशावरची म्हणतात. त्या अर्थाने मी माझा देश सोडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतो.

नगरला रात्री चढलो. माझ्या समोरच्या बर्थवर माझ्याच वयाचा एक मुलगा येऊन बसला. सावळा, बारीक, पाठीवर रंग उडालेली सॅक आणि हातात सिमेंटच्या पोत्यापासून शिवलेली पिशवी. मी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग स्टेशनवर घेतलेली साखळी बाहेर काढली आणि माझी बॅग बर्थच्या खालच्या कडीला बांधून कुलूप लावलं.

तो येण्याआधी दहा मिनिटं मी त्याच जागेवर बसलो होतो. साखळी तेव्हाही खिशातच होती. तेव्हा मला ती आठवली नव्हती.

*

सकाळी डोळे उघडले तर बाहेर विदर्भ. अकोल्याच्या पुढे काळ्याभोर जमिनीवर कापूस फुटला होता. कोवळं ऊन आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत पांढरे ठिपके. आमच्या मुरमाड जमिनीतून आलेल्या माणसाला ती काळी माती बघूनच भरून येतं. मी व्हिडिओ काढला, खाली गाणं लावलं आणि 'स्वर्ग' असं लिहून स्टेटसला टाकला. अर्ध्या तासात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं उत्तर आलं. तो मूळचा त्याच भागातला. त्याने लिहिलं होतं, "लांबून छानच दिसतो. एकदा वेचायला ये."

मी स्टेटस काढून टाकलं. मग वाटलं, काढायचं कशाला? ते रान सुंदर होतंच की. माझी चूक नेमकी कुठे झाली होती?

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे अर्धंच खरं आहे. कापूस सुंदर दिसत होता आणि तो सुंदर होता. आमचे डोंगर उघडे दिसतात आणि ते उघडे आहेत. माझ्या रूममेटने खोटं काही बघितलं नव्हतं. डोळे बहुतेक वेळा फसत नाहीत. आपण डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीपुढे 'म्हणजे' हा शब्द लावतो, तिथे घोळ होतो. डोंगर उघडे आहेत, म्हणजे इथे काही नाही. कापूस फुटलाय, म्हणजे इथे सगळं छान चाललंय. पिशवी सिमेंटच्या पोत्याची आहे, म्हणजे बॅगेला कुलूप लावलेलं बरं.

दुपारी गोंदिया मागे पडलं आणि जंगलाच्या टेकड्या सुरू झाल्या. मग छत्तीसगड. डोंगरगडला टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ गाडीतूनच दिसलं. पुढे भाताची खाचरं सुरू झाली ती संपेचनात. कुठे कापणी झालेली, कुठे चालू. बांधाबांधाला तळी आणि तळ्यांत कमळं. आमच्यापेक्षा दुपटीहून जास्त पाऊस पडणारा हा मुलूख. मी पारनेरचा माणूस, माझ्याकडे सुख मोजायचं एकच माप आहे, ते म्हणजे पाणी. ज्याच्या दारात पाणी, तो सुखी. मी मनात म्हटलं, या लोकांना काय कमी असेल?

आणि मग लक्षात आलं की डब्यातली निम्मी माणसं याच मुलखातली आहेत. ती पुण्याकडे बांधकामांवर कामाला आलेली आणि आता कापणीसाठी घरी निघालेली. इतकं पाणी असलेल्या गावातली माणसं आमच्या कोरड्या भागात पोट भरायला येतात. कारण पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांचा. बऱ्याच जणांचं शेत एका भाताच्या पिकावर चालतं, आणि दुसऱ्या पिकाला पाणी पुरवणारी सोय सगळ्यांकडे नसते. पाण्याचं माप घेऊन आलेल्या मला खिडकीतून तळी दिसली. कालवे कुठे नाहीत, ते खिडकीतून कसं दिसणार?

*

समोरच्या मुलाने त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं ते असं: "भैया, जरा सामान देखना." तो तोंड धुवायला गेला. पिशवी आणि सॅक माझ्या भरवशावर मोकळी सोडून. माझ्या बॅगेची साखळी त्याला रात्रीपासून दिसत होती. नक्कीच दिसत होती, कारण ती त्याच्या पायाशीच होती.

तो परत आल्यावर बोलणं सुरू झालं. हिंदीत. मी विचारलं, पुण्याहून येतोयस का? तो म्हणाला, नाही, सुप्याहून.

सुप्यात तो चार वर्षं होता. एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. माझ्या ऑफिसपासून दीड-दोन किलोमीटरवर. पाच जण मिळून एका खोलीत राहायचे. ज्या चहाच्या टपरीवर मी रोज चहा पितो, तिथेच तोही प्यायचा. त्याने मला कदाचित शंभर वेळा बघितलं असेल. मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं. म्हणजे नजरेसमोरून तो गेला असणारच. पण मी 'बिहारी पोरं' बघितली होती. त्यांतला एक असा कधी वेगळा काढलाच नव्हता.

तो बिहारचा नव्हताच. ओडिशाचा होता, सुंदरगड जिल्ह्यातला, राउरकेल्याजवळचा. आल्या दिवशी खोलीच्या मालकाने "बिहारी का?" असं विचारलं. त्याने ओडिशा सांगितलं. मालक म्हणाला, "तेच ते." तेव्हापासून तो बिहारी.

मी त्याला विचारलं, आमचा भाग पहिल्यांदा बघितलास तेव्हा काय वाटलं?

तो थोडा हसला. बोलू की नको असं त्याला झालं असावं. मग म्हणाला, "मई का महीना था. मुझे लगा, यहाँ अभी-अभी आग लगी होगी."

रूममेटचं वाक्य झोंबलं होतं, तसं हेही झोंबलं. मी यादी सुरू करणार इतक्यात तोच पुढे बोलला. त्याला वाटलं होतं, एवढे डोंगर जळून गेलेत तर गावातल्या माणसांचं काय झालं असेल. मग जून आला, पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत तेच डोंगर हिरवे झाले. तेव्हा त्याला कळलं की हे जळलेलं नाही, वाट बघतंय. दुसऱ्या वर्षी त्याला हेही कळलं की दारादारात निळे ड्रम का ठेवलेले असतात आणि टँकरचा हॉर्न ऐकून बाया हातातलं काम टाकून का पळतात. तिसऱ्या वर्षी तो ज्वारीची भाकरी खायला लागला. चौथ्या वर्षी त्याला मराठी सगळं कळत होतं. टपरीवर त्याच्याबद्दल जे बोललं जायचं, तेही.

मी गप्प झालो. ते बोलणाऱ्यांत एखाद्या वेळी मीही असणार.

*

1915 सालच्या जानेवारीत गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत उतरले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. वर्षभर देश फिरायचा, बघायचं, ऐकायचं, पण सार्वजनिक प्रश्नांवर मत मांडायचं नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच, 19 फेब्रुवारीला, गोखले गेले. शब्द घेणारा माणूस राहिला नाही, तरी गांधींनी शब्द पाळला. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून ते देशभर फिरले. मग फेब्रुवारी 1916 मध्ये बनारसला हिंदू विद्यापीठाच्या समारंभात बोलले, ते इतकं स्पष्ट की सभाच मध्येच मोडली.

मला यातली वर्षभर गप्प बसण्याची गोष्ट फार आवडते. आपल्याला तर स्टेटस टाकायला अर्धा मिनिटही धीर धरवत नाही. पण नुसतं गप्प बसणं पुरेसं आहे का? आपण चार वर्षं गप्प बसूनही पहिल्या दिवशीचंच मत मनात सांभाळून ठेवू शकतो. मी ते करून दाखवलं होतं. गोखल्यांची अट फक्त गप्प बसायची नव्हती. त्याच्यासोबत फिरायचं आणि ऐकायचंही होतं.

आणि पहिलं मत इतकं टाकाऊ असतं, असंही मला वाटत नाही. नव्या माणसाला जे दिसतं ते गावातल्या माणसाला दिसायचं बंद झालेलं असतं. दारातले निळे ड्रम मी जन्मापासून बघतोय, म्हणून ते मला दिसतच नाहीत. त्याने विचारल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की खरंच, हे आपण इतकी वर्षं साधी गोष्ट म्हणून कसं धरून चाललो? 'आग लागली असेल' हे त्याचं मत चुकीचं होतं. पण त्या डोंगरांचं काहीतरी बिनसलंय, हे त्याला पहिल्या दिवशी कळलं. आम्ही ते विसरून गेलो होतो. पहिली नजर प्रश्न चांगला विचारते. उत्तर मात्र तिच्याकडे नसतं.

मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय? पहिल्या नजरेत आम्ही दोघंही चुकलो. त्याने त्याची चूक दुरुस्त केली. मी केली नाही.

मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत यावर विचार केला. आधी वाटलं, तो माणूस म्हणून माझ्यापेक्षा चांगला आहे. असेलही. पण खरं कारण त्याहून साधं आहे. त्याला चूक परवडणारी नव्हती. आमच्या भागाबद्दल चुकीची समजूत घेऊन तो चार दिवससुद्धा सुप्यात टिकला नसता. पाणी केव्हा येतं, कोणत्या मालकाला काय बोललेलं चालतं, पगार थांबला तर कोणाकडे जायचं, हे सगळं त्याला नीट समजून घ्यावंच लागलं. मला त्याच्याबद्दल चुकीचं मत ठेवून काहीच तोटा नव्हता. चुकीचं मत बाळगायलाही ऐपत लागते. माझ्याकडे ती होती.

पूर्वी माणसं पायी जायची तेव्हा ही ऐपत फारशी कोणाकडे नव्हती. आमच्याकडून आजही दिंड्या पंढरपूरला पायी जातात. पायी चालणाऱ्याला वाटेत पाणी मागावं लागतं, रात्रीचा मुक्काम मागावा लागतो. तो गाव बघतो, तेव्हा गावही त्याला बघून घेतं. गाडीच्या खिडकीने हे तोडलं. खिडकीतून मी एका शेतात वाकलेल्या बाईला बघतो आणि तिने मान वर करायच्या आत निघून जातो. तिला माझ्याबद्दल मत बनवायची संधीच मिळत नाही. त्या खिडकीची सवय लागली की आपण जमिनीवर उतरल्यावरही तसंच बघत राहतो. सुप्यात मी रोज त्याच जमिनीवर उभा होतो, तरी खिडकी सोबत होतीच.

*

संध्याकाळनंतर झारसुगुडा आलं आणि फलाटावरच्या पाटीवर पहिल्यांदा ओडिया अक्षरं दिसली. छत्तीसगडपर्यंत पाट्या वाचता येत होत्या, त्यामुळे मुलूखही वाचता येतोय असं वाटत होतं. आता ते संपलं. अक्षरं गोल गोल, डोक्यावर छत्री धरल्यासारखी. मी म्हटलं, नक्षीसारखी आहेत. तो म्हणाला, शाळेत गुरुजींनी सांगितलेलं, पूर्वी ताडाच्या पानावर लोखंडी सळईने लिहायचे. सरळ आडवी रेघ ओढली तर पान फाटायचं. म्हणून गोल.

मला जी नक्षी वाटली होती, ती पान फाटू नये म्हणून घेतलेली काळजी होती.

रात्री राउरकेला जवळ आलं. आधी आकाश लालसर झालं, मग दिवेच दिवे. हा पोलाद कारखाना सरकारने 1950 च्या दशकात जर्मनीच्या मदतीने उभारला. मी दारात उभा राहून बघत होतो. तोंडातून निघून गेलं, "काय शहर आहे रे!"

तो सामान घेऊन माझ्यामागे उभा होता. त्याने सांगितलं की त्याच्या आजोबांचं गाव मंदिरा धरणात गेलं. शंख नदीवरचं हे धरण कारखान्याला पाणी मिळावं म्हणून बांधलं. धरण आणि कारखाना मिळून आदिवासींची कितीतरी गावं उठली. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलेल्या शहराबद्दलची माहिती म्हणून सांगितलं.

मी पारनेरचा. दर वर्षी शाळेत सेनापती बापटांवर भाषण करायचो. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला आणि त्यातून त्यांना सेनापती हे नाव मिळालं, हे मला पाठ आहे. त्या धरणाची वीज मुंबईला जाणार होती. दिवे लांबून दिसतात, पण पाण्याखाली गेलेलं गाव काठावर उभं राहूनही दिसत नाही. बापटांना आणि मुळशीच्या मावळ्यांना ते दिसलं, कारण ते काठावर थांबले आणि तिथल्या माणसांशी बोलले. मी ते भाषण दहा वेळा केलं होतं, बक्षीसही घेतलं होतं. आणि दिवे दिसताच मी दिव्यांच्या बाजूने उभा राहिलो होतो.

गाडी थांबायच्या आधी मी त्याचं नाव विचारलं. दिवसभर बोलून ते विचारायचं राहिलं होतं. गावाचं नावही विचारलं. फोनमध्ये दोन्ही लिहून घेतलं, स्पेलिंग त्याच्याकडून तपासून. तो उतरला. भात कापून महिन्याभरात परत येणार होता.

*

नंबर सेव्ह करताना माझ्याच यादीकडे लक्ष गेलं. 'बिहारी पेंटर'. 'भैया फरशी'. 'यूपी प्लंबर'. तुम्हीही तुमची यादी एकदा बघा, मी वाट बघतो.

घरी आल्यावर मी पेंटरला फोन केला आणि नाव विचारलं. तो घाबरला. त्याला वाटलं, कामात काही खोट निघाली. तो गोरखपूरचा निघाला. नाव बदलून सेव्ह केलं. यातून जगात काही बदललं नाही, हे मलाही कळतं. टपरीवर परवा कोणीतरी "ही बिहारी पोरं" म्हणालं, तेव्हा मी म्हटलं की त्यातली निम्मी ओडिशा-झारखंडची आहेत. समोरून उत्तर आलं, "तेच ते." मी म्हटलं, "तुला उद्या कोणी गुजराती म्हटलं तर?" तो हसला. पुढे वाद घालायचं धाडस मला झालं नाही. चहा संपवून निघालो.

पण एक हिशेब राहिला होता. रूममेटने एक वाक्य बोलून सहा वर्षं झाली होती. त्याने मे महिन्यात एकदा गाडीतून आमचा भाग बघितला आणि मत बनवलं. मी त्याचं एक वाक्य ऐकलं आणि त्याच्याबद्दल कायमचं मत बनवलं. सहा वर्षांत त्याला एकदाही घरी बोलावलं नाही. मग खिडकीत बसलेला कोण होता?

डिसेंबरात त्याला मेसेज केला. ये एकदा पारनेरला. पाणी उतरलंय, निघोजला पात्रात उतरून रांजणखळगी बघू. गाडीतून दिसत नाहीत, चालावं लागेल.

त्याचं लगेच उत्तर आलं: "येतो की. सहा वर्षं वाट बघतोय, तू बोलवतच नव्हतास."